पहिल्या दाबाला लागतो, तोच ब्रेक

जुन्या गाडीच्या मालकांचे एक लाडके वाक्य असते : "काही नाही रे, दोनदा मारला की लागतो." हे ब्रेकबद्दल चाललेले असते. वाक्य इतक्या सहज म्हटले जाते, की ऐकणारा मान डोलावतो आणि निमूटपणे गाडीत बसतो. माझा हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. माझे मत एका ओळीत सांगतो : पहिल्या दाबाला लागतो तोच ब्रेक. दुसऱ्या दाबाला लागत असेल तर गाडीत दोष आहे, आणि दोष शोधायचा असतो, त्याची सवय करून घ्यायची नसते.

आधी हिशेब करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. पेडल दाबणे, पाय उचलणे आणि पुन्हा दाबणे यात अर्धा सेकंद जरी जास्तीचा गेला, तरी ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच गाडी ७ मीटर पुढे गेलेली असते. आपल्या परेडच्या भाषेत सांगायचे तर तेज चालीची नऊ पावले. पुढे चालणाऱ्या माणसासाठी ही नऊ पावले म्हणजे सगळे काही असू शकते. "दोनदा मारला की लागतो" म्हणणारा माणूस खरे म्हणजे "मी नऊ पावले उशिरा थांबतो" असे सांगत असतो. फक्त तसे कोणी म्हणत नाही.

हे सगळे मला सुचले ते मामाच्या जीपमुळे. मामाचे घर बंगळुरूला जे. पी. नगरमध्ये आहे आणि सुट्टीत मी बहुतेक तिथेच असतो. घराखालच्या पार्किंगमध्ये मामा गेली चार वर्षे एक जुनी जीप बांधतो आहे. चॅसिस आणि दोन्ही एक्सल त्याने कागदपत्रांसह विकत घेतले, बॉडीचा टब नवीन ठोकून घेतला आणि बाकीचे सामान जे. सी. रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून व शिवाजीनगरच्या गुजरीतून एकेक करून जमवले. मामी म्हणते, या जीपमध्ये तिचा अर्धा सोफासेट गेला.

जीप ही आपल्या कॅडेट लोकांच्या जिव्हाळ्याची गाडी. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्धानंतर महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या सैन्यात ती धावली. घरी गाडी बनवणे हेही आपल्या मराठी मुलखाला नवीन नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली 'मीरा' नावाच्या छोट्या गाडीचा पहिला नमुना स्वतः तयार केला होता. त्यामुळे घरी गाडी बांधणाऱ्यांना हसणाऱ्यांपैकी मी नाही. उलट मला त्यांचा अभिमान वाटतो. पण कारखान्यातून आलेल्या गाडीच्या ब्रेकचा विचार कुणीतरी इंजिनिअरने आधीच केलेला असतो. घरी बांधलेल्या गाडीत तो इंजिनिअर आपणच असतो. ही जबाबदारी अभिमानाबरोबर येते.

मामाच्या जीपचे दुखणे असे होते. पहिल्यांदा पाय दाबला की पेडल जवळजवळ फळीपर्यंत जायचे. लगेच दुसऱ्यांदा दाबले की वर आणि घट्ट. थोडा वेळ थांबून पुन्हा दाबले की पुन्हा खाली. एका मेकॅनिकने मास्टर सिलिंडर नवा टाकला. फरक नाही. मग तीन वेळा ब्रेकची हवा काढली. फरक नाही. मग चारही चाकांचे व्हील सिलिंडर बदलले. तरी फरक नाही. शेवटी त्याने "आणखी मोठा मास्टर सिलिंडर टाकू" असा सल्ला दिला. मराठीत एक म्हण आहे, आजार रेड्याला आणि औषध पखालीला. त्या तीन महिन्यांत ती म्हण मला प्रत्यक्ष पाहायला मिळाली.

मामाने माझ्या लहान बहिणीला रविवारी पहिली फेरी मारून आणण्याचे कबूल केले होते. बाहेर रिंग रोड, सारक्कीचा सिग्नल, आणि मध्ये फट दिसली की तिच्यात शिरणाऱ्या स्कूटर. मामा म्हणाला, "हळूच नेतो, दोनदा मारतो." त्याच क्रॉसवर सैन्याच्या ईएमईमधून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब राहतात. ईएमई म्हणजे सैन्याची वाहने आणि यंत्रे दुरुस्त ठेवणारी कोअर. त्यांनी एकदा पेडल दाबून पाहिले, मामाकडून चावी मागितली आणि सरळ खिशात घातली. म्हणाले, "अहो, पेडल बोलतंय. तुम्ही दुकानदाराचं ऐकताय." फेरी रद्द झाली. बहीण रडली. माझ्या मते त्या दिवशी जीपवर झालेले सर्वांत चांगले काम तेच होते.

पेडल काय बोलते ते कळण्यासाठी आत काय चालते ते आधी समजून घेऊ. सतराव्या शतकात पास्कलने सांगितलेला नियम आपण विज्ञानात शिकतो : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. आपण पेडल दाबतो तेव्हा पुशरॉड मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ढकलतो. तिथला द्रव पाइपांतून चाकांपर्यंत जातो, व्हील सिलिंडर उघडतात आणि ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. महत्त्वाची गोष्ट ही, की मास्टर सिलिंडर एका दाबात ठरावीकच द्रव पाठवू शकतो. शू ड्रमपासून फार लांब असतील तर त्यांना ड्रमपर्यंत नेण्यातच तो द्रव संपतो. पाय पटकन उचलून पुन्हा दाबला, की टाकीतून आणखी थोडा द्रव आत आलेला असतो, म्हणून दुसऱ्या वेळी पेडल वर लागते. थोडे थांबलो की स्प्रिंगा शूंना परत ओढतात आणि पहिले पाढे पंचावन्न.

म्हणजे "दोनदा मारला की लागतो" हे वाक्य म्हणजे तक्रारीचे उत्तर नाही. ते रोगाचे लक्षण आहे, तेही बरेच नेमके. सुभेदारसाहेबांनी मला पेडलला तीन प्रश्न विचारायला शिकवले. किती खाली जातेस? पायाला कशी लागतेस? दाबून धरल्यावर टिकतेस का? या तीन उत्तरांवरून बरेचसे दोष वेगळे काढता येतात.

पेडल पहिल्या दाबाला खाली जाते, पण दोन-तीन दाबांनंतर दगडासारखे घट्ट होते, तर शू आणि ड्रममधले अंतर जास्त आहे. ब्रेक सेट केलेले नाहीत.

पेडल कितीही वेळा दाबले तरी पायाला मऊ, स्प्रिंगसारखे लागते, तर पाइपांत हवा आहे. द्रव दबत नाही, हवा दबते. इथे निपल सोडून हवा काढणे हा खरा उपाय. मात्र शू ड्रमच्या गोलाईला नीट बसत नसतील, किंवा मास्टर सिलिंडर ज्या पत्र्यावर बसवला तो पत्राच लवत असेल, तरी पेडल असेच मऊ लागते. घरी बांधलेल्या गाडीत हे दुसरे कारण विसरू नये. एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने ब्रॅकेटकडे पाहावे. हलत असेल तर डोळ्यांना दिसते.

पेडल घट्ट लागते, पण पाय तसाच दाबून धरला तर अर्ध्या मिनिटात हळूहळू खाली बुडते. बाहेर कुठे गळती नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर द्रव अडवत नाही. बाहेर ओल दिसत असेल तर ती कुठे आहे ते आधी पाहावे. चाकांच्या आतल्या बाजूला हात लावून पाहिला तरी कळते.

पेडल घट्ट आहे, टिकतेही, पण गाडी थांबत नाही, तर लायनर गुळगुळीत झाले आहेत, त्यांना ऑइल लागले आहे किंवा व्हील सिलिंडर जॅम आहेत. नव्या गाडीत बूस्टर बंद पडला तरी असेच होते. गाडी एकाच बाजूला ओढत असेल तर दोन बाजूंच्या चाकांत फरक आहे.

आणि एक फसवा प्रकार. गाडी चालवता चालवता पेडल वर येत जाते, अधिकाधिक घट्ट होते आणि माणूस खूश होतो. खरे म्हणजे पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात जो साधारण मिलिमीटरभर प्ले हवा, तो ठेवलेला नसतो. त्यामुळे परतीचे बारीक छिद्र उघडत नाही, तापलेला द्रव टाकीत परत जाऊ शकत नाही आणि ब्रेक आपोआप लागत जातात. पेडल वर आहे म्हणून ब्रेक चांगला, असे समजणाऱ्याची गाडी मग रस्त्यात चाके जॅम होऊन उभी राहते.

मामाच्या जीपचे लक्षण पहिल्या प्रकारात बसत होते. तरी सुभेदारसाहेबांनी अंदाजावर काम केले नाही. त्या जीपला तीन रबरी होज पाइप आहेत : पुढच्या दोन चाकांना एकेक आणि मागच्या एक्सलला एक. होज नवे होते, म्हणून गुळगुळीत जबड्याचे क्लॅम्प लावून त्यांनी तिन्ही बंद केले. (जुन्या, तडे गेलेल्या होजवर हे करू नये, आणि पक्कड तर कधीच लावू नये.) पेडल पहिल्या दाबाला वर आणि घट्ट! म्हणजे मास्टर सिलिंडर ठीक. ज्याच्यावर सगळ्यात आधी पैसे गेले, तो भाग पाच मिनिटांत निर्दोष सुटला. मग पुढचा डावा होज मोकळा केला. पेडल तसेच. पुढचा उजवा. तसेच. मागचा मोकळा केला आणि पेडल खाली गेले. दोष मागच्या एक्सलवर होता.

मागचे ड्रम काढले. ड्रमच्या आत खडू घासून, शू लावून पाहिल्यावर खडू फक्त वरच्या भागाला लागला. या जीपच्या ब्रेकमध्ये प्रत्येक शूला वर एक सेटिंग असते आणि खाली अँकर पिन असते, तीही फिरवून बसवायची असते. जोडणाऱ्याने वरची सेटिंग केली होती, खालच्या पिनांना हात लावलाच नव्हता. शूची वरची बाजू ड्रमजवळ, खालची लांब. नवे सिलिंडर, नवे ऑइल, तीनदा काढलेली हवा यांतल्या कशाचाच याच्याशी संबंध नव्हता. एक दुपार, दोन पाने आणि एक खडू एवढ्यावर काम झाले. त्यानंतर पेडल पहिल्या दाबाला लागू लागले.

आता माझ्या मताला येणारे आक्षेप. मामाशी आणि त्याच्या मित्रांशी वाद घालताना ते सगळे मी ऐकले आहेत.

पहिला आक्षेप : "जुन्या गाड्या अशाच असतात." हे खरे नाही. चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक असलेली ड्युसेनबर्ग गाडी १९२१ साली अमेरिकेत विकली जाऊ लागली. म्हणजे हे तंत्र शंभर वर्षांचे आहे आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागणे हेच त्याचे काम होते, तेव्हाही. जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा लांब अंतरात थांबेल, हे मान्य. तिला पाय जास्त जोराने दाबावा लागेल, हेही मान्य. पण पेडल कधी वर, कधी खाली, हे वयाचे लक्षण नव्हे. उलट जुन्या गाडीला सवलत कमीच मिळते. तिचे सगळे ब्रेक एकाच पाइपलाइनवर असतात. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दोन वेगळ्या लाइन सक्तीच्या झाल्या. एक फुटली तरी दुसरी चालावी म्हणून. जुन्या जीपमध्ये एका चाकाचे रबर फाटले तर चारही चाकांचे ब्रेक जातात. मग राहतो फक्त हँडब्रेक.

दुसरा आक्षेप : "पण पंप करायला तर ड्रायव्हिंग शिकवणारेही सांगतात." बरोबर आहे, आणि ते मलाही पटते. चालत्या गाडीचा ब्रेक अचानक लागेनासा झाला, तर पेडल भराभर पंप करावे, गिअर खाली आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा. पण हा प्रसंग निभावण्याचा उपाय झाला. फायरिंग रेंजवर रायफल अडकली की आपण इमिजिएट अ‍ॅक्शन करतो. तेवढ्याने रायफल दुरुस्त झाली असे कुणी उस्ताद म्हणत नाहीत. पुन्हा पुन्हा अडकणारी रायफल कोतमध्ये आर्मररकडे जाते. रोज दोनदा पेडल मारणारा माणूस अडकणारी रायफल घेऊनच रोज मोर्चावर जातो आहे.

तिसरा आक्षेप : "एकेक भाग बदलत गेलो तर कधी ना कधी दोष सापडतोच." कधी ना कधी सापडतो, हे खरे. पण दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि पेडल सुधारले, तर कशामुळे सुधारले ते कळत नाही. नव्या भागाने नवा दोष आणला, तर तेही कळत नाही. मोठ्या मास्टर सिलिंडरच्या सल्ल्याचेच पाहा. समजा पायाने २०० न्यूटन, म्हणजे साधारण २० किलो वजनाइतका जोर दिला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट होऊन १००० न्यूटन झाला. १९ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये त्यातून दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३.५ न्यूटन दाब तयार होतो. २५.४ मिलिमीटर, म्हणजे एक इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये तो २ न्यूटनच्या आसपास येतो. मोठ्या सिलिंडरने पेडल वर येते, पण त्याच पायाने ब्रेक कमी लागतो! मामाने तो सल्ला मानला असता तर पेडल वर आले असते, सगळे खूश झाले असते आणि गाडी आणखी लांब थांबली असती. दोष झाकला गेला असता, एवढेच.

घरी जुनी गाडी बांधणाऱ्या वाचकांसाठी अशाच आणखी तीन जागा सांगतो, जिथे वेगवेगळ्या गाड्यांचे भाग एकत्र येतात आणि पेडल बिघडते. एक, पुढे डिस्क ब्रेक बसवताना डावा आणि उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली येतो. हवा नेहमी वर जाते, त्यामुळे कितीही काढली तरी थोडी आत राहतेच. दोन, ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये पाइपात थोडा दाब शिल्लक ठेवणारी एक झडप असते. डिस्कला ती तशीच ठेवली तर पॅड घासत राहतात. पण जीपसारखा मास्टर सिलिंडर फळीखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल, तर अगदी कमी दाबाची वेगळी झडप लागते. नाहीतर द्रव मागे सरकतो आणि पहिला दाब वाया जातो. तीन, ज्याला आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो ते ऑइल नाहीच. ते वेगळे रसायन आहे. ऑइल म्हणतात म्हणून कुणी त्यात इंजिन ऑइल घातले, तर आतली सगळी रबरे फुगतात. शिवाय हा द्रव हवेतला ओलावा शोषतो. नवीन डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो; ओलावा शिरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर असा द्रव उकळला की वाफ होते आणि पेडल फळीला टेकते. म्हणून उघडी बाटली वर्षभर ठेवून वापरू नये.

काही जण म्हणतील, हे सगळे पाहायला आरटीओ आहे. कायदा आहे, हे खरे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० प्रमाणे धोकादायक स्थितीतले वाहन रस्त्यावर चालवणे हा गुन्हा आहे आणि कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०२१ साली ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेटही आली. पण तपासणी एका दिवसाची असते आणि पेडल रोज दाबायचे असते. नंबरप्लेट गाडी थांबवत नाही.

मग करायचे काय? आपल्या शाळेपुरते माझे एक मागणे आहे. आठवड्याच्या हॉबी पिरियडमध्ये एक टेबल ब्रेकसाठी मिळावे. भंगारातले एक पेडल, एक मास्टर सिलिंडर, एक ड्रम आणि मध्ये पारदर्शक नळी, एवढे पुरे. नळीतला बुडबुडा डोळ्यांना दिसला की पास्कलचा नियम पाठ करावा लागत नाही. उस्तादांनी गुपचूप एक दोष घालून ठेवावा आणि कॅडेटने पाना हातात घेण्याआधी कागदावर लिहावे : लक्षण काय, संशय कशावर, आणि तो खरा की खोटा हे कोणत्या तपासणीने कळेल. मार्क त्या कागदाला द्यावेत. आपण बूट, बेल्ट, बॅज यांची तपासणी ठरलेल्या क्रमाने करतो, कारण क्रम मोडला की काहीतरी सुटते. दोष शोधण्यालाही असाच क्रम असतो, पण तो आपल्याला फारसा कुणी शिकवत नाही. उद्या आपल्यापैकी कुणी रणगाड्यात, कुणी जहाजावर, कुणी कारखान्यात असेल. तिथे मामाच्या जीपची माहिती कामी येणार नाही. आधी विचारा, मग वेगळे करा, मग हात लावा, हा क्रम कामी येईल.

पालकांनाही एक विनंती. गाडी नवी असो वा जुनी, सकाळी ती हलवण्याआधी एकदा ब्रेकचे पेडल दाबा आणि ते किती खाली जाते ते पाहा. बूस्टर असलेल्या गाडीत इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. पाय तसाच ठेवून अर्धा मिनिट थांबा. पेडल बुडत असेल तर गॅरेज गाठा, तेही दुसऱ्या वाहनाने. घरी काम करणाऱ्यांनी चाकांना ओट लावल्याशिवाय आणि स्टँड दिल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा. आणि मेकॅनिकने "हा भाग बदलावा लागेल" असे सांगितले, तर आदराने विचारा, "दादा, हाच भाग खराब आहे हे कशावरून?" चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नाचा राग येत नाही. तो क्लॅम्प लावून दाखवतो.

मित्रांनो, आपण मुलांनी वडीलधाऱ्यांना गाडीबद्दल काही सांगावे की नाही, असा प्रश्न पडू शकतो. माझ्या मते सांगावे, नम्रपणे पण स्पष्ट सांगावे. पुढच्या वेळी कुणी "दोनदा मारला की लागतो" म्हणाले, तर त्यांना नऊ पावले चालून दाखवा. आणि दोष सापडेपर्यंत त्या गाडीत बसू नका.

जय हिंद!

— एक कॅडेट, इयत्ता दहावी